तहान हरवलेलं लाकूड

माझा बाक मोडला तेव्हा 'कडकन्' असा काही आवाज आला नाही. बसलेला माणूस हळूहळू एका बाजूला कलला, आणि आपण कलतोय हे त्याला उमगेपर्यंत जमिनीला टेकलाही. लागलं नाही कुणाला. पण बाकाचा मोडलेला पाय उचलला तर हातात नुसतं कवच आलं. बाहेरून रंधा मारलेलं, तेल पाजलेलं, अगदी शहाण्यासारखं दिसणारं लाकूड. आत मातीचे पापुद्रे आणि चिंचोळ्या पोकळ्या. वाळवीचं हे कसब मानावंच लागतं. ती पोखरते, पण चेहरा शाबूत ठेवते.

तिचा राग नाही आला. राग आला स्वतःचा, कारण तो बाक मी 'भाजलेल्या' लाकडाचा केला होता. निदान माझी तशी समजूत होती. माल वाहणाऱ्या पॅलेटच्या फळ्या मिळाल्या होत्या आणि त्यांच्यावर डागलेला शिक्का होता: कणसाचं चिन्ह, देशाचा कोड, काही आकडे आणि 'एचटी' ही दोन अक्षरं. एचटी म्हणजे उष्णतेची प्रक्रिया झालेलं. तापवलेल्या लाकडाला बुरशी धरत नाही, किडे शिवत नाहीत, असं कुठेतरी वाचलेलं होतं. दोहोंची सांगड घातली आणि करवत काढली. ओळखीचे एक म्हातारे सुतारकाका तेव्हा फळी नखाने टोकरून म्हणाले होते, "ताई, शिक्का लाकडावर आहे, लाकडात नाही." मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना असं काहीतरी बोलायची सवयच असते.

त्या शिक्क्याचा अर्थ मी बाक मोडल्यावर नीट वाचला. उलट क्रमाने शिकण्याची माझी जुनी खोड आहे.

तो शिक्का आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या एका नियमाचा. २००२ साली हा नियम आला, आयएसपीएम १५ नावाने ओळखला जातो. लाकडी खोके आणि पॅलेट यांच्यात बसून एका खंडातले भुंगेरे आणि पाइनच्या झाडांना मारणारे सूत्रकृमी दुसऱ्या खंडातल्या जंगलांत पोचत होते. त्यांना वाटेत गाठायचं म्हणून लाकूड तापवायचं. किती? गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. एवढ्यात आतली अळी, अंडी, कोष सगळं मरतं. काम झालं.

पण ५६ अंशाला लाकडाला स्वतःला काय होतं? काहीच नाही. तापलेल्या उन्हात पडलेल्या फळीचा पृष्ठभागही त्याच्या जवळपास जातो. लाकूड तेच राहतं, त्यातली साखर तीच, त्याचं पाणी पिणं तेच. आत होते ते पाहुणे गेले, दार मात्र उघडंच राहिलं. पोराला अंघोळ घालून अंगणात सोडलं, म्हणून त्याला पुन्हा चिखल लागणार नाही असं कोण म्हणेल? मी मात्र म्हटलं होतं, आणि वर त्याच्यावर तेलाचे तीन हात दिले होते.

मी जे वाचलं होतं ते निराळंच प्रकरण होतं. नाव सारखं वाटतं, आणि घोटाळा तिथेच होतो. त्या दुसऱ्या प्रक्रियेत लाकूड साधारण १८० ते २२० अंशांपर्यंत नेतात, तिथे काही तास ठेवतात, आणि हे सगळं हवेतल्या ऑक्सिजनला दूर ठेवून करतात. एवढ्या उष्णतेत लाकूड बदलतं. आतल्या किड्याला मारणं हा तिथला हेतूच नसतो. बदलायचं असतं ते लाकूड.

हे समजल्यावर शहाण्या माणसाने पुस्तक मिटलं असतं. मी एक छोटा ठोकळा भट्टीत घातला. (कुणी करू नये. घरातल्या भट्टीत तर नाहीच.) २०० च्या आसपास काटा गेला तसा आधी ओल्या लाकडाचा वास आला, मग राळेचा, मग नाकाला झोंबणारा आंबट वास, आणि त्यामागून करपलेल्या साखरेचा. मग धूर. मी घाईघाईने बंद केलं. ठोकळा बाहेर आला तो कडांना काळा, मध्ये विटकरी, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तडकलेला. खोली दोन दिवस आंबट राहिली.

पण त्या आंबट वासाने मला जेवढं शिकवलं तेवढं वाचनाने नव्हतं शिकवलं. तो होता ॲसिटिक आम्लाचा, म्हणजे शिरक्यातल्याच, व्हिनेगरमधल्याच, आम्लाचा. लाकडात शिरका आला कुठून?

लाकडाची भिंत तीन गोष्टींची. सेल्युलोज, साधारण ४० ते ४५ टक्के, म्हणजे लांबच लांब, घट्ट विणलेल्या सळया. लिग्निन म्हणजे त्यांच्याभोवतीचं सिमेंट. आणि या दोघांना जोडून धरणारं हेमिसेल्युलोज, सळया बांधायच्या तारेसारखं. तिघांतलं सगळ्यात कच्चं हेच. त्याच्या साखळ्या आखूड, फांद्या फुटलेल्या, आणि त्यांना जागोजागी ॲसिटिलचे गट लोंबकळत असतात. उष्णता वाढली की पहिल्यांदा हे गट सुटतात आणि त्यांचं ॲसिटिक आम्ल होतं. मग गंमत अशी की तेच आम्ल उरलेल्या हेमिसेल्युलोजला तोडायला मदत करतं. त्यातून आणखी आम्ल, आणखी मोडतोड. घरचा भेदीच. तुटलेल्या साखरांपासून फरफ्युरालसारखे पदार्थ होतात. करपलेल्या साखरेचा तो वास आणि लाकडाचा आरपार तपकिरी होणारा रंग यांच्यामागे ही मंडळी आहेत. सेल्युलोज या सगळ्यात बरंचसं तग धरून राहतं. लिग्निन थोडं मोडतं आणि थोडं नव्याने आपापसांत जखडून घेतं.

आता मुख्य गोष्ट. हेमिसेल्युलोज हे लाकडातलं सगळ्यात तहानलेलं द्रव्य आहे. त्याच्या अंगावर हायड्रॉक्सिल नावाचे गट असतात आणि ते हवेतल्या पाण्याच्या रेणूंना हात धरून आत ओढतात. लाकूड ओल्या दिवसांत फुगतं, दार चौकटीत अडकतं, खण बाहेर येईनासा होतो, हा त्यांचा उद्योग. हे गट कमी झाले की पाणी धरायला हातच उरत नाहीत. साधं लाकूड ज्या मध्यम दमट हवेत सुमारे १२ टक्के ओलावा बाळगतं, त्याच हवेत चांगलं भाजलेलं लाकूड साधारण निम्म्यावर राहतं. फुगणं-आकसणंही त्याच प्रमाणात घटतं.

बुरशीचं सगळं गणित या ओलाव्यावर बसलेलं आहे. 'लाकूड कुजलं' असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात त्याला बुरशीने खाल्लेलं असतं, आणि बुरशी कोरडं खाऊ शकत नाही. लाकडात २० टक्क्यांहून कमी ओलावा असेल तर ती जवळजवळ हातपाय गाळून बसते. याचं कारण सुंदर आहे. बुरशीला तोंड नाही. ती आपले पाचकरस बाहेर सोडते आणि जेवण बाहेरच पचवून मग शोषून घेते. ते रस तिच्यापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीच्या आत पोचायचे तर मध्ये पाणी हवं. तपकिरी कूज करणाऱ्या बुरशांची तऱ्हा आणखी चलाख: त्यांचे पाचकरस भिंतीत शिरायला फार मोठे, म्हणून त्या आधी लहान, जहाल रसायनं आत पाठवतात आणि भिंत आतून सैल करून घेतात. या हल्ल्यालाही भिंतीत ओल लागते. जिथे ओलच निम्मी झाली, तिथे वाटच कोरडी पडली.

पूर्वी याचं स्पष्टीकरण वेगळं देत. भाजल्याने लाकडाची रचना इतकी बदलते की बुरशीला तिचं खाणं ओळखूच येत नाही, किंवा भाजताना काही विषारी द्रव्यं तयार होतात, असं सांगायचे. त्यातलं विषाचं म्हणणं आता फारसं टिकत नाही. खाण्याच्या बदलाला थोडा वाटा असेल. पण बऱ्याच अभ्यासकांचा कल आता पाण्याकडे आहे. मलाही हेच पटतं. रसायनं पाजून टिकवलेल्या लाकडात बुरशी विष खाऊन मरते. भाजलेल्या लाकडात ती तहानेने राहून जाते. लाकडात आपण काही घातलेलंच नसतं. उलट काढून घेतलेलं असतं.

ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत मॅडिसन इथल्या वन उत्पादन प्रयोगशाळेत आल्फ्रेड स्टॅम नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. लाकूड फुगू नये म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते चक्क वितळलेल्या धातूच्या कुंडात बुडवून तापवलं. धातू अशासाठी की उष्णता सगळीकडून सारखी लागावी आणि हवा आत येऊ नये. माझ्या भट्टीत जे चुकलं ते त्यांनी आधीच ओळखलं होतं. १९४६ साली त्यांनी याबद्दल लिहिलं, त्या लाकडाला 'स्टेबवुड' असं नाव दिलं. लाकूड फुगायचं कमी झालं, कुजायचं कमी झालं, पण ताकदही गेली. बाजाराला ते नको होतं. पुढे कित्येक दशकं ही गोष्ट कागदावरच राहिली.

मग १९९०च्या दशकात फिनलंडमध्ये व्हीटीटी या संशोधन संस्थेने धातूऐवजी वाफ वापरून हीच वाट पुन्हा धरली आणि 'थर्मोवुड' आलं. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये आधी दाबाखाली ओली उष्णता आणि मग कोरडी, अशी दोन टप्प्यांची रीत बसवली गेली. फ्रान्समध्ये नायट्रोजन भरलेल्या भट्ट्या आल्या. जर्मनीत लाकूड गरम वनस्पती तेलात बुडवू लागले. साधनं चार, पण सगळ्यांचा हट्ट एक: ऑक्सिजनला आत येऊ द्यायचं नाही.

फिनिश रीत मला सगळ्यात सुबोध वाटते. आधी लाकूड वाफेत हळूहळू तापवत जवळजवळ पूर्ण कोरडं करायचं. मग मऊ जातीच्या लाकडासाठी १९० किंवा २१२ अंशांवर २ ते ३ तास. पहिलं घरातल्या कामांसाठी, मुख्यतः आकार टिकावा म्हणून. दुसरं उन्हापावसात उभं राहणाऱ्या भिंतींसाठी आणि ओट्यांसाठी. कठीण जातींना आकडे थोडे खाली, १८५ आणि २००. आणि शेवटी पाण्याचे फवारे मारून ते शांत करायचं, ४ ते ७ टक्के ओलावा परत द्यायचा. हा शेवटचा टप्पा विसरला तर लाकूड रंध्याखाली खापरासारखं फुटतं. भट्टीतून काढून थेट हवेत नेणं म्हणजे २०० अंशांवरच्या कोरड्या लाकडाला ऑक्सिजन देणं; त्याने पेट घेतला तर दोष कुणाला देणार?

आता किंमत. पैशाची नव्हे, ताकदीची. बांधणारी तारच काढली म्हटल्यावर सळया आणि सिमेंट जागेवर असूनही ती इमारत पूर्वीची राहत नाही. वाकवून तोडायला लागणारा जोर १० ते ३० टक्क्यांनी कमी होऊ शकतो, तापमान जितकं चढं तितकी घट मोठी. ताठपणा फारसा बदलत नाही, आणि हीच त्यातली फसवी गोष्ट आहे. दाबून पाहिलं तर फळी पूर्वीसारखीच खमकी वाटते. फरक कळतो तो तुटताना: साधं लाकूड आधी कण्हतं, चिरफाळतं, तंतू ओढत तुटतं, भाजलेलं एकदम, खडूसारखं. म्हणून तुळईला, खांबाला, जिथे माणसाचा जीव टांगलेला आहे तिथे ते घालायचं नाही. गाठीही सैल होतात. माझ्या एका फळीतली गाठ रंधा मारताना बुचासारखी निघून पडली.

हातात घेतल्यावर आणखी गोष्टी कळतात. ते हलकं लागतं. रंध्याखाली लांब सलग पापुद्रे निघत नाहीत, आखूड तुकडे आणि बारीक तपकिरी धूळ निघते, आणि तो गोडसर धुरकट वास कपड्यांत राहतो. भोक पाडल्याशिवाय स्क्रू घातला की टोक चिरलंच. पाण्यावरचा पांढरा गोंद वाळायला वेळ घेतो, कारण लाकूड त्यातलं पाणी पीतच नाही. आणि खिळे-स्क्रू गंज न धरणाऱ्या पोलादाचे लागतात. आम्ल थोडं मागे राहिलेलं असतं, ते साध्या लोखंडाला खातं. तो सुंदर तपकिरी रंग मात्र उन्हात टिकत नाही. वर्ष-दोन वर्षांत राखाडी. पुष्कळ लोक त्या रंगासाठीच हे लाकूड घेतात याचं मला हसू येतं.

किड्यांकडे येते. 'कीड लागत नाही' या तीन शब्दांनीच माझा घात केला, कारण कीड हा एक प्राणी नाहीच.

लाकडाची बारीक भुकटी पाडणारे भुंगेरे घ्या. त्यांच्या एका जातीची मादी लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालते, आणि अळीला हवा असतो सालीजवळच्या पांढऱ्या लाकडातला स्टार्च. पाइनसारख्या लाकडाला पोखरणारा लांब शिंगांचा भुंगेरा तर आधी वास घेतो; त्या झाडाच्या राळेतल्या टर्पिन नावाच्या द्रव्यांच्या वासावरून त्याला कळतं की इथे पोरांची सोय होईल. भाजताना ही द्रव्यं उडून जातात, साठवलेलं खाणं मोडतं. पत्ताही पुसला आणि कोठारही रिकामं. अशा भुंगेऱ्यांपुढे भाजलेलं लाकूड खरोखर चांगलं टिकतं.

वाळवीला यातलं काहीच लागू होत नाही. तिला हवं सेल्युलोज, आणि ते तर आपण जवळजवळ आहे तसं ठेवलंय. बाकीचं गेल्यामुळे त्याचा वाटा उलट वाढलाय. ते पचवायला तिच्या पोटात सूक्ष्मजीवांचं अख्खं स्वयंपाकघर असतं. आणि पाणी? जमिनीखालची वाळवी पाणी सोबत आणते. ते मातीचे बोगदे भिंतीवरून चढताना दिसतात ना, ते तिचे ओले रस्ते. बुरशी लाकडातल्या ओलीवर जगते. वाळवीने स्वतःचं नळपाणी टाकलेलं असतं. त्यामुळे तहान काढून घेण्याची सगळी युक्ती तिच्यापुढे फुकट जाते. वाळवीपुढे ठेवून झालेल्या चाचण्यांत तिने भाजलेलं लाकूड साध्याइतकंच खाल्लं, आणि काही ठिकाणी तर जास्त आवडीने. सागासारखी लाकडं तिला नकोशी वाटतात ती त्यांच्या गाभ्यात असलेल्या कडू द्रव्यांमुळे. भाजण्याने तसं कडू काही लाकडात येत नाही.

म्हणजे माझा बाक खऱ्या भाजलेल्या लाकडाचा असता तरी त्याचे पाय मातीत होते, आणि तो गेलाच असता. हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं हे कबूल करते.

कुणी म्हणेल, मग खांबाची टोकं जाळून मातीत पुरायचे ते? ती चाल फार जुनी आहे. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियसने पायासाठी जाळलेल्या लाकडाचे खुंट सांगितले आहेत, आणि जपानमध्ये सुगी नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या फळ्या वरून जाळून भिंतींना लावतात. पण ती पृष्ठभागाची गोष्ट. वर कोळसा, त्याखाली बोटाच्या पेराएवढीही भाजलेली पट्टी नाही, आणि आत जसंच्या तसं लाकूड. कोळसा कुणी खात नाही हे खरं. पण कोळसा तडकतो, आणि तड्यांतून पाणी आत जातं. भिंतीवर, जिथे पाणी ओघळून जातं आणि फळी पुन्हा वाळते, तिथे ते छान चालतं. मातीत गाडलेल्या खुंटाला त्याचा फार भरवसा देऊ नये.

मातीत गाडणं भाजलेल्या लाकडालाही मानवत नाही, वाळवी नसली तरी. सतत ओल्या मातीत मऊ कूज करणाऱ्या बुरशा असतात. त्या चिवट, आणि घाई त्यांना नसतेच. उत्पादक स्वतःच सांगतात, जमिनीला टेकवू नका. युरोपात लाकडाचा टिकाऊपणा १ ते ५ अशा वर्गांत मोजतात, १ सगळ्यात टिकाऊ. वाफेत कडक भाजलेलं पाइन त्यात दुसऱ्या वर्गापर्यंत चढतं, आणि हे फार मोठं चढणं आहे. पण ते बुरशीपुरतं, आणि जमिनीच्या वर.

या सगळ्याचा पडताळा घ्यायचा म्हणून मी एक खेळ मांडला. एका कामातून उरलेली खरी भाजलेली फळी मिळाली, आणि त्याच जातीची एक साधी. दोन्हींचे दोन-दोन तुकडे केले. आधी प्रत्येकावर पाण्याचा थेंब ठेवला. साध्यावर तो पसरून काळा डाग झाला. भाजलेल्यावर मण्यासारखा बसून राहिला. टोकाच्या बाजूला, जिथे नळ्या उघड्या पडतात, तिथे मात्र भाजलेल्यानेही तो गिळला. (टोकांना मेण लावा असं म्हणतात ते यासाठी.) मग एक जोडी मोडक्या बाकाजवळ मातीत अर्धी पुरली आणि दुसरी दोन विटांवर, उघड्यावर ठेवली.

दीड वर्षाने मातीतली जोडी उपटली. साधा तुकडा मधोमध पोकळ. भाजलेला दोन ठिकाणी कुरतडलेला आणि एका बाजूने बोगदा चढलेला. कमी खाल्ला होता की उशिरा सापडला होता, हे एका तुकड्यावरून कोण सांगणार. सुतारकाकांनी तो हातात घेऊन वास घेतला, नखाने टोकरला आणि काही बोलले नाहीत. विटांवरचा साधा तुकडा पिळवटला होता आणि खालच्या अंगाला, जिथे पाणी साचायचं, सुरीचं टोक सहज आत गेलं. भाजलेला राखाडी झाला होता, वर बुरशीचे काळे ठिपके होते, ते पुसल्यावर गेले. सुरी आत गेली नाही.

नवा बाक आता भाजलेल्या फळ्यांचा आहे, पण फक्त बसायची जागा आणि पाठ. सांगाडा लोखंडी, पाय दगडावर, आणि दगडाला मातीचा बोगदा चढतोय का ते मी महिन्यातून एकदा वाकून बघते. पॅलेटच्या उरलेल्या फळ्यांची आत, कोरड्या जागी, औजारांची मांडणी केली. शिक्का पुढच्या बाजूला ठेवलाय.